पायरी ओळखायची ती कार्यालयाने

सरकारी कार्यालय, बँक, शाळा अथवा पतसंस्था यांच्या जिन्याकडे धडधाकट माणसाचे लक्ष सहसा जात नाही. परंतु ज्याच्या पायात कॅलिपर आहे, ज्याचे गुडघे संधिवाताने आखडले आहेत किंवा पक्षाघातानंतर जो काठीच्या आधाराने पुन्हा कामावर रुजू झाला आहे, त्याचा संपूर्ण दिवस हा जिनाच ठरवीत असतो. स्वच्छतागृह तळमजल्यावर, म्हणून सकाळपासून पाणी बेतानेच प्यायचे. सहकारी खाली जेवायला जातात, तेव्हा आपला डबा टेबलावरच उरकायचा. बढती मिळाली आणि ती तिसऱ्या मजल्यावरची असली, तर आनंदाआधी पायऱ्यांची संख्या मनात येते.

अशा कर्मचाऱ्याविषयी कार्यालयात कौतुकाने बोलले जाते. ‘एवढा त्रास असूनही रोज चढून येतो!’ हे कौतुक मनापासूनचे असते, यात शंका नाही. पण त्यात एक सोयही दडलेली असते. जोवर तो चढतो आहे, तोवर इतर कोणाला काहीच करावे लागत नाही.

आज या प्रश्नाला विशेष निकड आली आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने शासकीय नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखून ठेवल्या. त्यांतून पोलिओमुळे पाय अधू झालेले तरुणही सेवेत आले. मार्च २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. परंतु ती पिढी अद्याप नोकरीत आहे आणि पन्नाशीच्या घरात पोहोचली आहे. पोलिओनंतर काही दशकांनी अनेकांच्या स्नायूंत नव्याने दुर्बलता येते, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. पंचविशीत निभावलेला जिना पन्नाशीत निभावेलच असे नाही. तरीही पुष्कळजण तसे बोलून दाखवीत नाहीत. ‘याला काम झेपत नाही’ असा शिक्का बसेल, ही धास्ती असते.

वस्तुतः कायदा त्यांच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार शासकीय आस्थापनेने वाजवी सोयी व अडथळामुक्त वातावरण पुरविलेच पाहिजे. केवळ अपंगत्वाच्या कारणावरून बढती नाकारता येत नाही. सेवेत असताना अपंगत्व आल्यास नोकरीवरून काढता येत नाही आणि पदही खाली आणता येत नाही. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच उलटली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. येथे पायऱ्यांसाठीच ती चढावी लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सुगमतेचे निकष निव्वळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे कायद्याशी विसंगत असल्याचे सांगून, बंधनकारक निकष ठरविण्याचा आदेश केंद्राला दिला. डिसेंबर २०१५ मध्ये ‘सुगम्य भारत’ अभियान सुरू झाले आणि ‘दिव्यांग’ हा शब्दही त्याच महिन्यात पुढे आला. शब्द रुळला, जिना मात्र बहुतेक ठिकाणी होता तसाच राहिला.

लिफ्टला निधी लागतो, निविदा लागतात, हे खरे. पण टेबल तळमजल्यावर आणायला काय लागते? बैठक खालच्या खोलीत घ्यावी. वरची फाईल शिपायाने खाली आणावी. जिन्याला दोन्ही बाजूंनी अखंड कठडा असावा, पायऱ्यांच्या कडांवर ठळक रंगाची पट्टी असावी आणि जिन्यात रचलेली जुनी कपाटे हलवावीत. उतार बांधायचा तर एकास बारा या प्रमाणात बांधावा. पंधरा सेंटिमीटरच्या पायरीसाठी एकशे ऐंशी सेंटिमीटरचा उतार लागतो. अनेक ठिकाणी दिसणारे उभे उतार स्कूटर चढविण्याच्याच कामाचे असतात. आग लागल्यास लिफ्ट वापरता येत नाही. त्या वेळी कोणाला कोणी खाली न्यायचे, हेही आधीच ठरलेले असावे.

सहकाऱ्यांनाही थोडे शिकण्यासारखे आहे. काठी घेऊन चालणारा माणूस चढताना सशक्त पाय आधी टाकतो आणि उतरताना काठीबरोबर दुर्बल पाय आधी उतरवितो. त्याचा हा क्रम मोडेल अशा रीतीने दंड धरून त्याला ओढू नये. आधी विचारावे आणि मदत हवी असेल तर त्याच्या खालच्या पायरीवर राहावे. घाई तर मुळीच करू नये.

आपल्या समाजात शाळा, वाचनालये, पतसंस्था आणि सेवासंस्था चालविणारे कार्यकर्ते असंख्य आहेत. त्यांना शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. उद्या कार्यालय उघडल्यावर जिना मोजावा, कठडा हलतो का ते पाहावे, आणि ज्याला चढणे कठीण जाते त्या सहकाऱ्याला एकांतात, आस्थेने विचारावे. ‘आपली पायरी ओळखून राहा’ असे माणसाला सांगण्याची प्रथा जुनी आहे. यापुढे आपली पायरी कार्यालयानेच ओळखावी आणि ती कोणाच्या वाटेत येते, तेही पाहावे.