टोचन करण्याआधी

आजोबांची जीप अखेर बेळगावात आली. या सदरात तिचा उल्लेख मी इतक्या वेळा केलाय की एका वाचक काकूंनी मागे विचारलं होतं, 'ती खरंच आहे का रे?' आहे. सध्या मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. चालू कधी होईल ते मेस्त्रींनाच माहीत, पण ती आणताना जे झालं ते आधी सांगतो. आपल्यापैकी बऱ्याच घरांत अशी एखादी गाडी असते. कुणाच्या काकांच्या शेतावर, कुणाच्या जुन्या वाड्यामागे. 'आमची पण एकदा आणायची आहे' असं म्हणणारे मला या महिन्यात तिघे भेटले.

आमची जीप गोव्यात, सत्तरी तालुक्यात केरीच्या बाजूला, मामांच्या कुळागरात होती. महिंद्राची सीजे-3बी, 1968 ची. महिंद्राने विलीज जीप भारतात जोडायला 1947 साली सुरुवात केली आणि पुढे परवान्यावर ती इथेच बनवली. सीजे-3बी ओळखायची खूण म्हणजे उंच बॉनेट. आत 2.2 लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन आहे, ते आधीच्या इंजिनापेक्षा उंच, म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. सुपारी, काजू, नारळ, आजारी माणसं, सगळं या जीपने वाहिलं. आजोबा गेल्यावर ती फणसाखाली उभी राहिली, ती पंधरा वर्षं.

मामांचा बेत सोपा होता. शेजाऱ्यांची बोलेरो, नायलॉनचा जाड दोर, पहाटे निघायचं, चोर्ला घाट चढायचा, मग कणकुंबी, जांबोटी आणि बेळगाव. 'अरे, आम्ही असल्या किती जीपा टोचन करून नेल्यात! तू कॉम्प्युटरसमोर बसून भित्रा झालास.' (टोचन म्हणजे टो-चेन. गॅरेजवाल्यांनी शब्द आपलासा करून टाकलाय.)

भित्रा आहेच मी. पण हिशेबही केला होता. 1989 च्या रस्त्याच्या नियमावलीत गाडी ओढून नेण्याबद्दल स्पष्ट लिहिलं होतं: दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, वेग ताशी 24 किलोमीटरच्या वर नको, मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर लायसन्सवाला माणूस हवा, दोर इतरांना सहज दिसेल असा हवा, आणि मागे पांढऱ्यावर काळ्या, किमान 75 मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत 'ऑन टो' अशी पाटी हवी. 2017 साली त्या नियमावलीच्या जागी नवी आली, पण हे आकडे मला आजही शहाणपणाचे वाटतात. केरी ते बेळगाव सत्तरेक किलोमीटर. या वेगाने सलग तीन तास, त्यात घाट, आणि मागे हॉर्न वाजवणाऱ्या ट्रकांची रांग. शिवाय दोर फक्त ओढतो, अडवत नाही. पुढची बोलेरो वळणावर हळू झाली की मागच्या जीपने स्वतःचे ब्रेक मारायचे, नाहीतर ती बोलेरोच्या पाठीवर जाणार.

आणि ब्रेक? या जीपला ब्रेकचा बूस्टर नाही. आजच्या गाडीचं इंजिन बंद असेल तर दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं. जीपला तो प्रश्न नाही, पायात जेवढा जोर तेवढा ब्रेक, इंजिन चालू असो वा नसो. पण त्यासाठी पाइपात ब्रेक ऑइल असावं लागतं. मी पेडल दाबलं तर ते सरळ जमिनीला टेकलं. मामांनी स्वतः दाबून बघितलं आणि मग काही बोलले नाहीत.

तेव्हा ठरलं की घाटातून फ्लॅटबेडवर न्यायची. ते बोलेरोच्या डिझेलपेक्षा कितीतरी महाग पडलं, पण त्याबद्दल घरात कुणी अजून तरी काढलं नाही. फक्त फ्लॅटबेड कुळागरात शिरू शकत नव्हता. पाणंद अरुंद, दोन्ही बाजूंना पोफळी. म्हणजे मोठ्या रस्त्यापर्यंतचं दीड किलोमीटर जीप स्वतःच्या चाकांवरच जायला हवी होती. सगळी गंमत या दीड किलोमीटरमध्ये झाली.

फोर बाय फोर गाडी ओढणं आणि साधी मोटार ओढणं यात फरक आहे. घरची हॅचबॅक बंद पडली की क्रेनवाला पुढची चाकं उचलतो आणि निघतो, कारण इंजिनाला पुढचीच चाकं जोडलेली असतात. जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस असते. तिच्यातून एक शाफ्ट मागच्या चाकांकडे जातो, एक पुढच्या. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे असतात. एक पुढची चाकं जोडतो किंवा सोडतो, दुसरा हाय, न्यूट्रल आणि लो. फोर बाय फोर लागलेलं असताना पुढची आणि मागची चाकं एकमेकांना बांधलेली असतात. अशा जीपचं पुढचं तोंड उचलून तिला मागच्या चाकांवर ओढलं तर हवेतली चाकंही फिरू लागतात आणि क्रेनच्या पट्ट्यांतून निसटू शकतात. न्यूट्रलमध्ये टाकली तरी चाकांबरोबर शाफ्ट आणि ट्रान्स्फर केसचा काही भाग फिरतच राहतो. आत ऑइल चांगलं असेल तर ठीक. पंधरा वर्षं उभ्या गाडीत ऑइल आहे की पावसाचं पाणी, कोण सांगणार?

आमच्या जीपचा तर न्यूट्रलचा प्रश्नच नव्हता. आजोबांनी ती पहिल्या गिअरमध्ये, फोर बाय फोर लो टाकून, हँडब्रेक ओढून ठेवली होती. तिन्ही दांडे गंजून जाम. इंजिनही जाम. मेस्त्रींनी फोनवर सांगितलं, 'दोन्ही शाफ्ट काढ की. चाकं मोकळी होतील.'

काम अवघड नाही. डिफरन्शियलच्या बाजूला शाफ्टचा क्रॉस दोन यू-बोल्टांनी धरलेला असतो. चार नट काढायचे. सोडण्याआधी शाफ्टच्या सरकणाऱ्या जोडावर दोन्ही बाजूंना मिळून एक पांढरी रेघ मारायची, म्हणजे बसवताना तो त्याच दातात बसतो, नाहीतर पुढे गाडी थरथरते. आणि बोल्ट निघाल्याबरोबर क्रॉसच्या वाट्यांना चिकटपट्टी गुंडाळायची, नाहीतर आतल्या सुया मातीत सांडतात. हे सगळं मी पाठ करून गेलो होतो. रंगाची डबी, पट्टी, बिस्किटांचा रिकामा डबा नटांसाठी, सगळं होतं.

चाकांखाली दगड होते. पाचोळा साफ करताना ते मीच काढून बाजूला टाकले होते. गाडी गिअरमध्ये आहे, हँडब्रेक ओढलेला आहे, मग दगड कशाला?

आधी मागचा शाफ्ट काढला. जीप हलली नाही. त्यामुळे धीर वाढला. मग पुढच्या डिफरन्शियलखाली आडवा शिरलो, पाय बाजूने बाहेर, पुढच्या चाकाच्या मागे. शेवटच्या यू-बोल्टचा नट घट्ट होता. तो सुटला तसा शाफ्ट झटक्याने फिरला आणि जीप मागे निघाली.

फार नाही, दोन फूट. मागचं डावं चाक फणसाच्या मुळावर अडलं. पुढचं चाक माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबलं होतं. मामी ओसरीवरून हे बघत होत्या. त्या ओरडल्या नाहीत, नुसत्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

काय झालं ते समजायला मला संध्याकाळ लागली. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतोच. तो ट्रान्स्फर केसच्या मागच्या बाजूला, शाफ्टच्या तोंडाशी असतो. एक छोटा ड्रम. तो शाफ्टला धरतो आणि शाफ्ट चाकांना. शाफ्ट काढला की हँडब्रेक कितीही ओढा, तो हवेला धरून बसतो. गिअरचंही तेच. मागचा शाफ्ट काढल्यावर जीप हलली नाही, कारण फोर बाय फोर लागलेलं असल्याने सगळी पकड पुढच्या शाफ्टमधून चाकांपर्यंत पोचत होती. शेवटचा दुवा मीच तोडला, तेही तिच्याखाली झोपून. ऑफिसात एखादी जुनी फाइल 'कुणी वापरत नाही' म्हणून उडवल्यावर काय होतं ते मी रोज बघतो, तरी.

आणि ते दगड. अंगण मागच्या बाजूला उतरतं आहे, डोळ्याला दिसत नाही इतकं. आजोबांना ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सुताराकडून आठ लाकडी पाचरी करून आणल्या, प्रत्येक चाकाला पुढून-मागून. चाकाला चिऱ्याचा दगड लावला तर चालतो, पण जॅकवर उचललेल्या गाडीखाली आधार म्हणून चिरा किंवा वीट कधी ठेवू नका, वजनाखाली त्याचा भुगा होतो. तिथे जाड लाकूडच हवं. एकेक चाक उचलून हाताने फिरवून बघितलं. दोन फिरली, दोन नाही, ब्रेकचे शू ड्रमला गंजून चिकटले होते. ड्रमवर भोवताली हातोडीने हलके ठोके मारल्यावर सुटले. टायरना भेगा होत्या, पण हवा धरत होते. दीड किलोमीटर चालण्याच्या वेगाने, एवढ्यापुरते पुरे.

ब्रेक नसलेली गाडी दोराने ओढायची नाही, हे आता मामाच सगळ्यांना सांगत होते. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर आला आणि लोखंडी दांडा. दांडा मागच्या गाडीला पुढच्या गाडीवर येऊ देत नाही, उतारावर तोच अडवतो. तो कुठे जोडायचा हे महत्त्वाचं. ॲक्सलला नाही, स्टिअरिंगच्या रॉडला तर मुळीच नाही, आणि गंजलेल्या बम्परच्या टोकालाही नाही. चासिसच्या दोन्ही पट्ट्यांना, तेही आधी हातोडीने ठोकून. घट्ट लोखंड खणखणतं, सडलेलं बद्द वाजतं. आमच्या डाव्या पट्टीचं टोक बद्द वाजलं, म्हणून फूटभर मागे जोडलं.

स्टिअरिंगवर मामा. लायसन्स त्यांचंच चालू होतं आणि जीपही त्यांनीच चालवली होती. मागे दोघे जण पाचरी घेऊन, बाजूने चालत. ट्रॅक्टर आणि जीप यांच्यामध्ये कुणीही नाही, मुलं सगळी ओसरीवर. दीड किलोमीटरला पाऊण तास लागला. मामा पूर्ण वेळ एक शब्द बोलले नाहीत. रस्त्याला लागल्यावर उतरले आणि म्हणाले, 'स्टिअरिंग अजून तसंच आहे, थोडं डावीकडे ओढतं.'

फ्लॅटबेडचं काम त्यांच्या माणसांना येत होतं, पण दोन गोष्टी मी मागून करून घेतल्या. विंचची तार ताणलेली असताना तिच्यावर जाड ओलं पोतं टाकलं, तार तुटली तर तिची उसळी कमी होते. त्या वेळी तारेच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, हे अर्थात वेगळं. दुसरं, रॅचेट बेल्ट बॉडीवरून किंवा चासिसवरून न घेता चारही कोपऱ्यांत ॲक्सलवरून घेतले. चासिस स्प्रिंगांवर उसळते, खड्ड्यात खाली दबली की तिचा बेल्ट क्षणभर सैल पडतो. ॲक्सल थेट चाकांवर, तो उसळत नाही. शाफ्ट नसल्याने आता या जीपला बेल्टांशिवाय आणि पाचरींशिवाय धरणारं काहीच नव्हतं, हे ड्रायव्हरला दोनदा सांगितलं. हूड काढून घडी केलं, बॉनेटच्या कड्यांवर भरवसा न ठेवता ते दोरीने बांधलं, आणि बॅटरीचा तर प्रश्नच नव्हता, ती कधीच कुणीतरी नेली होती.

अंजुणे धरण मागे पडल्यावर पहिल्यांदा थांबलो. दोन बेल्ट सैल झाले होते. घाट चढल्यावर परत बघितले, तेव्हा एक. नंतर जांबोटीला चहापुरते थांबलो तेव्हा सगळे घट्ट. सुरुवातीचे काही किलोमीटर बेल्ट बसत असतात, म्हणून लवकर एकदा थांबायचंच.

मेस्त्रींनी जीप उतरवून घेतली, खाली वाकून बघितलं आणि पहिला प्रश्न केला, 'दगड लावले होतास का काढताना?' मी खरं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नाही, माझ्या गुडघ्याकडे बघितलं.

आता राहिली कागदपत्रं. जुलै 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीला 20,000 रुपये, पुनर्नोंदणीला 5,000, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. आमच्या जीपमध्ये मूळचं पेट्रोल इंजिन शाबूत आहे हे त्यासाठी बरं झालं, कारण बऱ्याच जीपांत मधल्या काळात डिझेल इंजिन बसवलं गेलं. आजोबांचं आरसी बुक मामींनी पत्र्याच्या ट्रंकेतून शोधून पाठवलंय. त्याच पाकिटात पाचरींसाठी दिलेल्या सुताराची पावतीही आहे, मागे मामींनी पेनाने लिहिलंय: हे जपून ठेव.