असमीकरणाच्या निमित्ताने

परवा नातू वही घेऊन आला. अकरावीत आहे, शिवाय क्लासही चालू आहे. म्हणाला, "आजी, असमीकरणं आता दहा सेकंदांत सुटतात. संख्यारेषेवर मुळं मांडायची, उजवीकडून अधिक, मग वजा, मग अधिक, अशी लाट काढत जायचं. झालं!"

मी म्हटलं, बरं, हे सोडव. (क्ष − १)²(क्ष − ३) > ०. त्याने १ आणि ३ मांडले, लाट काढली आणि उत्तर दिलं: क्ष ३ पेक्षा मोठा किंवा १ पेक्षा लहान. मी म्हटलं, क्ष च्या जागी ० घाल बरं. उणे तीन आले. पोराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. वर्ग असलेला अवयव कधी ऋण होतच नाही, म्हणून १ ओलांडताना चिन्ह बदलत नाही. उत्तर फक्त क्ष > ३ एवढंच. हे क्लासमध्ये सांगितलं असेलही, पण लाट का काढायची हेच ठाऊक नसेल तर ती कुठे मोडते हे कसं लक्षात राहणार?

मी काही गणिताची पदवीधर नव्हे. मराठी माध्यमातून बी.ए., तेही मराठी विषय घेऊन. शाळेत गणिताला शिक्षक मिळेना, म्हणून बीजगणित माझ्या गळ्यात पडलं. रात्री मी शिकायचं आणि सकाळी मुलांना शिकवायचं, अशी पहिली काही वर्षं गेली. त्यामुळे पुस्तकातली रीत हाच माझा आधार होता, आणि त्यातूनच माझ्या हातून एक चूक झाली.

वर्गचाचणीत उदाहरण होतं, (क्ष + १) / (क्ष − २) > ३. निम्म्या वर्गाने छेद सरळ पलीकडे नेऊन गुणला आणि क्ष < ३.५ असं लिहिलं. समीकरणाची सवय! पण ० घालून पाहा, डावी बाजू उणे अर्धा येते. छेद धन की ऋण हे माहीत नसताना त्याने गुणताच येत नाही, कारण ऋण संख्येने गुणलं की चिन्ह उलटतं. (मुलांना मी उधारीचं उदाहरण द्यायची. दोन रुपये असलेल्यापेक्षा पाच रुपयेवाला श्रीमंत, पण दोन रुपये देणं असलेला पाच रुपये देणं असलेल्यापेक्षा बरा.) मी शिकवलेली रीत दोन शक्यतांची होती. क्ष २ पेक्षा मोठा असेल तर क्ष < ३.५. क्ष २ पेक्षा लहान असेल तर चिन्ह उलटून क्ष > ३.५, म्हणजे अशक्य. म्हणून उत्तर २ आणि ३.५ यांच्या मधल्या संख्या.

एका मुलाने दोन्ही बाजूंना (क्ष − २) च्या वर्गाने गुणलं होतं. सगळं एका बाजूला आणून (क्ष − २)(७ − २क्ष) > ० असं मांडलं, आणि उत्तर बरोबर काढलं. मी त्याला शून्य दिलं. तो वही घेऊन आला, म्हणाला, "बाई, चुकलंय कुठे तेवढं सांगा." मी म्हटलं, "पुस्तकात असं नाही." रात्री घरी बसून पाहिलं तर वर्ग नेहमी धनच, फक्त क्ष = २ सोडलं की झालं! शक्यता पाडायची गरजच नाही. दुसऱ्या दिवशी मी मार्क दिले. पण "माझं चुकलं" हे काही वर्गासमोर म्हटलं नाही. त्यानंतर वर्षभर तो मुलगा फळ्यापाशी येऊन काही विचारेना.

असो. तर माझं मत असं की शक्यतांची रीत आधी शिकवावी. ती लांबलचक आहे हे खरं, पण चिन्ह का उलटतं हे तिच्यातच दिसतं. वर्गाने गुणण्याची रीत त्यानंतर. आलेख काढून पाहणंही छान, मात्र शाळेच्या तासात तेवढा वेळ मिळत नाही. लाट अगदी शेवटी. मी लाटेच्या विरुद्ध नाही, परीक्षेत घड्याळ असतं हे मलाही कळतं. पण प्रत्येक टप्प्यात एकेक संख्या घालून पाहायची सवय तिच्याबरोबर असलीच पाहिजे. आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्याने मुलाची रीत आपली नाही म्हणून लाल रेघ मारू नये. हे मी शिक्षक म्हणून सांगते आहे, आणि रेघ मारलेली बाई म्हणूनही.

गंमत म्हणजे ही लहान-मोठेपणाची चिन्हं छापली गेली १६३१ साली, थॉमस हॅरियट यांच्या पुस्तकात, तेही ते वारल्यावर दहा वर्षांनी. बरोबरचं चिन्ह त्याआधीचं, रॉबर्ट रेकॉर्ड यांचं, १५५७ मधलं. तेव्हा मुलांना समीकरणाचीच सवय जास्त असली तर त्यात नवल नाही!

नातवाला जाताना आणखी एक दिलं: (क्ष² + १) / (क्ष − ३) < ०. त्याने लाट काढायला पेन्सिल उचलली, थांबला, आणि म्हणाला, "आजी, वरचं तर कधी ऋण होणारच नाही ना?" मग एका ओळीत क्ष < ३ लिहून, चहा न घेताच क्लासला पळाला.