विश्लेषण : खंजिरी, मोबाइल आणि गावातली मुले… मोझरीच्या परंपरेतून नव्या प्रयोगशाळांनी काय शिकावे?

सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत ५० हजार अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची घोषणा २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. ग्रामीण माध्यमिक शाळांपर्यंत भारतनेटमार्फत इंटरनेट पोहोचवण्याचेही त्यात सांगण्यात आले. म्हणजे थ्रीडी प्रिंटर, सेन्सर आणि संगणक आता तालुक्याच्या पलीकडे, लहान गावांत जातील. पण यंत्र आले म्हणून मूल शिकतेच असे नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधताना अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरीकडे पाहणे उपयोगी ठरते. तेथे संगणक नव्हते, तेव्हाही गावोगावच्या तरुणांना घडवणारी एक व्यवस्था उभी राहिली होती.

गुरुकुंज मोझरीचा इतिहास काय?

अमरावती-नागपूर महामार्गावर, तिवसा तालुक्यात मोझरी आहे. यावली येथे १९०९ मध्ये जन्मलेले माणिक बंडोजी इंगळे, म्हणजेच राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, यांनी १९३५ मध्ये येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. शालेय शिक्षण अगदी थोडे झालेल्या या माणसाने हातात खंजिरी घेऊन गावेच्या गावे जोडली. १९४२च्या आंदोलनात त्यांना तुरुंगवास झाला. पुढे श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा विदर्भभर आणि बाहेरही पसरल्या. त्यांच्या ‘ग्रामगीते’चे ४१ अध्याय आहेत. त्यात प्रार्थना आणि भजनाबरोबर ग्रामोद्योग, ग्रामआरोग्य, जीवनशिक्षण आणि महिलोन्नती यांवर स्वतंत्र अध्याय आहेत. कला, श्रम आणि गावाचे प्रश्न त्यांनी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले नाहीत. महाराजांचे निधन ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली वाहिली जाते, तेव्हा गावोगावची भजन मंडळे मोझरीत आलेली असतात.

भजन मंडळात मुले शिकतात कशी?

वऱ्हाडातल्या भजन मंडळात मुलाला प्रवेश परीक्षा द्यावी लागत नाही. ते आधी कडेला बसते. मग कोणी तरी त्याच्या हातात टाळ देते. ठेका चुकला तर शेजारचा मोठा मुलगा कोपर मारून सावरतो. काही महिन्यांनी ते कोरसमध्ये गाते, मग खंजिरी हाती येते आणि एखाद्या वर्षी ‘आज तू म्हण’ असे सांगून त्याला पुढे बसवले जाते. या शिकण्यात चार गोष्टी दडलेल्या आहेत. वेगवेगळ्या वयाची माणसे एकत्र असतात, त्यामुळे प्रत्येकाला शिकवणारा मिळतो आणि प्रत्येक जण कोणाला तरी शिकवतो. चूक सगळ्यांसमोर होते, पण तिचे गुण कापले जात नाहीत. सप्ताह, स्पर्धा, पुण्यतिथी यांमुळे तयारीला ठरलेली तारीख असते. आणि ऐकायला खरे श्रोते असतात. अकोला जिल्ह्यातील सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवून व्यसन, अंधश्रद्धा आणि हुंड्यावर बोलतात, ते याच परंपरेचे पुढचे रूप. उन्हाळ्याच्या सुट्टीत सेवा मंडळाच्या वतीने होणाऱ्या सुसंस्कार शिबिरांमध्येही मुले एकत्र राहतात, गातात, श्रमदान करतात.

जगात असे प्रयोग कोठे झाले?

अमेरिकेतील बोस्टन शहरात १९९३ मध्ये ‘कॉम्प्युटर क्लबहाऊस’ सुरू झाले. तेथील संगणक संग्रहालय आणि एमआयटी मीडिया लॅब यांनी मिळून ते उभारले. गरीब वस्तीतील मुलांना शाळा सुटल्यावर तेथे मोफत येता यावे, हा हेतू होता. तेथे संगणकाचा ‘कोर्स’ शिकवला जात नाही. कोणी गाणे ध्वनिमुद्रित करतो, कोणी चलचित्र बनवतो, कोणी यंत्रमानव. मुलांनी आवडीचे काहीतरी बनवता बनवता शिकावे, मार्गदर्शकांसह एक समूह तयार व्हावा आणि सगळ्यांना आदराने वागवले जावे, ही त्यामागची तत्त्वे. मिचेल रेस्निक हे या केंद्राच्या संस्थापकांपैकी एक. क्लबहाऊसमधल्या अनुभवातूनच त्यांच्या गटाने २००७ मध्ये ‘स्क्रॅच’ ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा आणली. आज ती जगभरच्या शाळांत वापरली जाते. क्लबहाऊस आणि भजन मंडळ यांच्यात यंत्रांचा फरक मोठा आहे, पण रचना आश्चर्य वाटावे इतकी सारखी आहे.

महाराष्ट्राकडे स्वतःचा नमुना आहे का?

आहे, आणि तो बोस्टनच्याही आधीचा आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतील संशोधकाची नोकरी सोडून ते दुष्काळी गावात गेले. हाताने काम करत शिकणे ही शिक्षणाची नैसर्गिक पद्धत आहे, असे ते मानत. शाळेतील मुले आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती, अन्नप्रक्रिया, आरोग्य चाचण्या शिकतात आणि गावाला लागणारी कामे करून देतात. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावाने हा अभ्यासक्रम पुढे राज्यातील अनेक शाळांत गेला. एमआयटीने परदेशात जी पहिली फॅब लॅब उभारण्यास मदत केली, ती २००२ मध्ये पाबळलाच. येथे महत्त्वाची बाब अशी, की मुलांनी केलेल्या कामाचे गिऱ्हाईक गावातच होते. दुरुस्त झालेला पंप किंवा बांधलेली शेड कोणाच्या तरी उपयोगाची होती.

हरिसालचा अनुभव काय सांगतो?

अमरावती जिल्ह्यातच, मेळघाटातील हरिसाल हे गाव २०१६ मध्ये देशातील पहिले ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजले. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने तेथे इंटरनेट, दूरवैद्यक सेवा आणि ई-शिक्षण नेण्यात आले. दुर्गम आदिवासी भागासाठी हे धाडसाचे पाऊल होते. मात्र २०१९च्या लोकसभा प्रचारात मनसेचे राज ठाकरे यांनी तेथील स्थितीची चित्रफीत जाहीर सभेत दाखवली आणि सुविधा प्रत्यक्षात चालत नसल्याचा आरोप केला. सत्ताधाऱ्यांनी तो फेटाळला. राजकीय वाद बाजूला ठेवला तरी एक मुद्दा उरतो. सुविधा सुरू आहे की बंद, हे ठरवण्याची ताकद गावातल्या तरुणांच्या हाती किती होती? टॉवर बंद पडला की बाहेरच्या तंत्रज्ञाची वाट पाहायची असेल, तर गाव ग्राहकच राहते. खंजिरीचे चामडे फाटले तर मंडळ थांबत नाही, कारण ते बदलणारा माणूस मंडळातच असतो.

अटल लॅबची रचना कशी आहे?

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनअंतर्गत २०१६ पासून ही योजना राबवली जात आहे. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या लॅबसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्यातील निम्मी रक्कम उभारणीसाठी आणि निम्मी पाच वर्षे चालवण्यासाठी असते. देशात अशा सुमारे १० हजार लॅब झाल्या आहेत. कल्पना चांगली आहे. अडचण असते ती शाळेच्या वेळापत्रकात आणि साहित्याच्या धाकात. यंत्र महाग, ते मोडले तर जबाबदार कोण, म्हणून खोलीला कुलूप. उत्साही शिक्षकाची बदली झाली की लॅबही थांबते. सायंकाळी आणि सुट्टीत, म्हणजे मुलांकडे खरा मोकळा वेळ असतो तेव्हा, शाळा बंद असते. आणि दहावी-बारावीनंतर शाळा सोडलेल्या तरुणाला तर या खोलीत जागाच नाही.

हातात मोबाइल असताना वेगळ्या केंद्राची गरज काय?

मोबाइलने वऱ्हाडातल्या मुलांना मोठे दार उघडून दिले हे खरे. भजनाच्या चाली, खंजिरीचे बोल आता यूट्यूबवर ऐकून शिकता येतात. पण मोबाइल बहुतेक वेळा पाहण्याचे साधन असते, बनवण्याचे नाही. आणि पाहणे एकट्याने होते. चित्रीकरण, ध्वनिमुद्रण, संपादन, उपशीर्षके ही कामे शिकायला सोबत लागते, ‘हे जमले नाही, पुन्हा कर’ असे सांगणारा कोणी तरी लागतो. कला आणि तंत्रज्ञान एकत्र आले की काय होते, याचे मराठीतले उत्तम उदाहरण म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सुरू केलेल्या या कामात हजाराहून अधिक गावांतील बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’ या ऑनलाइन संग्रहातून जगापुढे येत आहेत. वऱ्हाडी भजने, भुलाबाईची गाणी, डहाके यांचे असे संग्रह करायचे तर गावातली मुलेच ते करू शकतात. आजीकडून गाणे काढून घ्यायला बाहेरचा संशोधक नव्हे, नातू किंवा नातच लागते.

मुलींना यात जागा मिळते का?

हीच खरी कसोटी. महिलांची भजन मंडळे वऱ्हाडात गावोगावी आहेत, त्यामुळे मुलीने गाण्याला घरातून फारसा विरोध होत नाही. पण संगणकाची खोली, कॅमेरा, सोल्डरिंग ही ‘पोरांची कामे’ समजली जातात. सायंकाळी सातनंतरचे केंद्र म्हणजे मुलींसाठी बंद केंद्र. त्यामुळे वेळ दुपारी उशिरा किंवा सकाळी असणे, केंद्र गावाच्या मध्यभागी असणे आणि मार्गदर्शकांमध्ये गावातल्या एक-दोन ताया असणे या साध्या गोष्टी ठरवतात की मुली येतील की नाही. घरच्यांचा विश्वास आधीच मिळवलेल्या महिला मंडळांना सोबत घेतले तर हे काम सोपे होते.

यातून रोजगार मिळेल का?

कार्यक्रमाचे यश नोकऱ्यांच्या आकड्यावर मोजले तर निराशा होईल. वऱ्हाडातील तरुणांपुढचे प्रश्न मोठे आहेत. कापूस-सोयाबीनची बेभरवशाची शेती, अभ्यासिकांमध्ये वर्षानुवर्षे चाललेली भरतीची तयारी, पुणे-नागपूरकडे जाणारी वाट. एक लॅब हे सगळे बदलणार नाही. भजन मंडळाच्या नमुन्यालाही मर्यादा आहेत. तो स्वयंसेवकांवर चालतो, जुनी पिढी थकली की शाखा विरळ होते, आणि प्रार्थनेच्या चौकटीत न बसणाऱ्या तरुणाला तेथे परके वाटू शकते. म्हणून मोझरीची नक्कल नव्हे, रचना घ्यायला हवी. लोकांसमोर उभे राहण्याचे धैर्य, ठरल्या तारखेला काम पुरे करण्याची सवय, धाकट्याला शिकवण्याचा अनुभव या गोष्टी कोणत्याही कामात उपयोगी पडतात. एवढे मिळाले तरी ते थोडे नाही.

पुढे काय करता येईल?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा ‘दप्तराविना दिवस’ सुचवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, कुंभार, माळी, कलावंत यांच्याकडे काम शिकावे, अशी अपेक्षा आहे. खंजिरी बनवणारा, मोटार रिवाइंडिंग करणारा आणि मोबाइल दुरुस्त करणारा हे तिघेही या यादीत बसतात. १९६७च्या ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावी अनुदानित वाचनालये आहेत. शाळेची लॅब आठवड्यातून तीन दिवस वाचनालय किंवा ग्रामपंचायतीच्या ताब्यात दिली, तर ती शाळा सोडलेल्यांनाही उघडी राहील. अनुदानाचा ठरावीक भाग मार्गदर्शक तरुणांच्या मानधनासाठी आणि मोडतोडीसाठी राखून ठेवावा लागेल. वर्षातून एकदा, जत्रा किंवा पुण्यतिथीच्या वेळी, मुलांनी केलेले काम गावापुढे मांडले जावे. ५० हजार लॅबचा हिशेब पुढे मागितला जाईल, तेव्हा किती यंत्रे बसवली हे विचारले जाईलच. त्याबरोबर संध्याकाळी किती लॅबची दारे उघडी असतात आणि किल्ली कोणाकडे आहे, हेही विचारायला हवे.