राख जळत नाही, साहेब!

'कोळसा धुतला की झालं' म्हणणाऱ्यांनी ऐकावं. आपल्या गोंडवाना कोळशात माती वरून चिकटलेली नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडपाल्यासोबत वाहून आलेला गाळ त्याच्या अंगातच मुरलाय. वॉशरीत दगड निघतात, ही बारीक माती पूर्ण निघत नाही. ती जळत नाहीच, वर त्यातली वाळू बॉयलरच्या नळ्या खरवडते. 100 टन जाळा, 30 ते 45 टन राख!

34 टक्क्यांवर राखेचा कोळसा 500 किलोमीटरपलीकडच्या वीज केंद्रांनी वापरायचा नाही, असा नियम होता. मे 2020 मध्ये तोही काढला. खाणीच्या तोंडाशी असलेल्या केंद्रांना तर आधीपासूनच सूट. म्हणजे लांबच्यांची काळजी होती तेव्हाही चंद्रपूरकर हिशेबात नव्हतेच!

पालकमंत्री, रोज किती राख निघते आणि जाते कुठे, एवढंच जाहीर करा.