सूर लावावा तसा रेडिओ लावावा

तंबोरा लावतात, सूर लावतात, आणि आपल्या मराठीत रेडिओही लावतात. पैकी हे तिसरे लावणे हल्ली नावापुरतेच उरले आहे. बटण दाबले की आवाज येतो. लावण्यासारखे त्यात काही राहत नाही. गेल्या वर्षी जुन्या बाजारातून मी एक जुना जपानी एफ. एम. ट्यूनर हौसेने घरी आणला, आणि त्या शब्दाचा अर्थ मला पुन्हा उमगला.

ट्यूनर हा अर्धाच रेडिओ. त्याला स्वतःचा कर्णा नसतो; ॲम्प्लिफायरला जोडून तबकड्यांच्याच स्पीकरवर तो ऐकावा लागतो. त्याचे जड चाक फिरवले की काचेमागची सुई संथपणे सरकते. शेजारी दोन छोटे काटे असतात. एक लहरींचे बळ दाखवतो, दुसरा आपण स्टेशनच्या नेमक्या मध्यावर आहोत की नाही ते सांगतो. पहिल्या दिवशी नुसती खरखर ऐकू आली. मग पाऊण-पाऊण मीटरच्या दोन तारा आडव्या ताणून एरियल केली, तिची दिशा बदलून पाहिली, आणि तरीही उरलेली सूंसूं स्टीरिओचे बटण बंद करून मोनोवर घालवली. तंबोऱ्याच्या जवारीखाली दोरा सरकवताना जो धीर लागतो, तोच येथेही लागला.

एका सकाळी आकाशवाणीवर ख्याल चालू असताना माझा एक विद्यार्थी आला. तीन वर्षे तो मोबाईलवरच गाणे ऐकत आला आहे. थोडा वेळ बसून त्याने विचारले, "सर, गायकाच्या मागे हे खाली घुमते आहे ते काय?" तो खरज होता! काळी एकच्या षड्जाला खरजाची तार सेकंदाला सुमारे ७० कंपने देते. मोबाईलचा इवलासा कर्णा ती मूळ कंपने देऊच शकत नाही. मुलाचा षड्ज का डळमळतो, हे मला त्या दिवशी कळले. ज्या जमिनीवर उभे राहायचे, ती त्याने ऐकलीच नव्हती.

कोणी म्हणेल, हा गुण चांगल्या स्पीकरचा. मोबाईल त्यालाच जोडा, तोही खरज ऐकवील. हे अगदी खरे आहे. शिकवताना मीही मोबाईल वापरतो, आणि फैयाजखाँसाहेब हवे तेव्हा ऐकायला मिळतात याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. पण ट्यूनर आणखी एक गोष्ट शिकवतो. तेथे वेळ आपली नसते, निवड आपली नसते. न ऐकलेला गायक असतो, त्याचा विलंबित पुढे ढकलता येत नाही. बसावे लागते. बाबा लहान वयात दरबारात तंबोऱ्यावर बसत. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. ते सांगत, "फर्माईश महाराजांची, बाकीच्यांनी कान द्यायचा." मोबाईलने घरोघरी महाराज केले, कान देणारा कोणी उरला नाही.

बडोदेकरांनी तरी रेडिओचे ऋण विसरू नये. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि कलावंतांचा राजाश्रय सरला. खाँसाहेब १९५० साली याच शहरात निवर्तले. त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या तीन-सव्वातीन मिनिटांच्या; त्यांचे विस्ताराने गायलेले गाणे आज जे ऐकायला मिळते, त्यात रेडिओवरच्या गायनाचा वाटा मोठा आहे. १९५२ साली आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री आमच्या वाड्यातली बिऱ्हाडे एका रेडिओभोवती जमत, असे बाबा सांगत. दरबारात ज्यांना पायरीही चढता आली नसती, त्यांना रेडिओने बैठकीत जागा दिली.

म्हणून माझी विनंती आहे. आपल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर असे ट्यूनर, असे रेडिओ अजून पडून असतील. भंगारवाल्याला देण्याआधी एकदा खाली काढा. एकदम विजेला जोडू नका; जाणत्या कारागिराला दाखवा, कारण जुने कपॅसिटर दगा देतात. मग आकाशवाणीवर शास्त्रीय संगीत केव्हा असते ते विचारून ठेवा, त्या वेळी नातवंडांना जवळ बसवा, आणि गाणे आवडले तर केंद्राला चार ओळी लिहा. फिल्मी गाण्यांना श्रोत्यांची वाण नाही, ख्यालाला आहे. त्याचे ऐकणारे आहेत हे कोणी कळवलेच नाही, तर त्याची वेळ आणखी आखडली तरी तक्रार कोणत्या तोंडाने करणार? पूर्वी कलेचा सांभाळ महाराज करीत. आता ते काम आपल्याकडे आले आहे, आणि त्याला खर्च फारसा नाही. अर्धा तास स्वस्थ बसावे लागते एवढेच.