उंदराचा मेंदू आणि चाकणचा प्रोब

आपल्याकडे ‘बायो’ हा शब्द काढला की मेकॅनिकलवाले हसतात. ते डॉक्टर लोकांचं काम, आपण बरे आणि आपली चाकण एमआयडीसी बरी! मला हे अजिबात पटत नाही.

भोसरी-चाकणच्या फोर्जिंग शॉपमध्ये इंडस्ट्रियल व्हिजिटला जा. क्वालिटीवाला जॉबवर तेल किंवा ग्रीस लावतो, अल्ट्रासॉनिक प्रोब फिरवतो आणि आतली क्रॅक स्क्रीनवर पकडतो. स्टीलमध्ये आवाज सेकंदाला सुमारे 5900 मीटर धावतो, शरीराच्या मऊ भागात साधारण 1500. बाकी तत्त्व तेच.

आता गंमत बघा. उजेड शरीरात मिलिमीटरभर गेला की विखुरतो, चित्र धूसर होतं. आवाज त्यामानाने फारच कमी विखुरतो, पण रक्तात ऑक्सिजन किती हे त्याला कळत नाही. मग दोघांची जोडी जमवायची! काही नॅनोसेकंदांचा लेझर पल्स टाकायचा. रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषतं, किंचित तापतं, फुगतं आणि अल्ट्रासाउंड बाहेर पडतो. अंशाच्या एक हजारांश तापमान वाढलं तरी सुमारे 800 पास्कल दाब तयार होतो. प्रोबला तो ऐकू येतो. याला फोटोअकूस्टिक म्हणतात. उजेडातून आवाज निघतो हे ग्रॅहॅम बेलने 1880 मध्येच दाखवलं होतं.

2003 मध्ये अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या लिहाँग वांग यांच्या ग्रुपने कवटी न उघडता जिवंत उंदराच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या अशा पाहिल्या. मिशा हलवल्या की मेंदूच्या विरुद्ध बाजूला रक्त वाढतं, तेही दिसलं. माणसाची कवटी जाड, तिच्यात आवाज बिघडतो. तो प्रॉब्लेम डॉक्टर नाही, इंजिनिअरच सोडवणार.

काहीजण म्हणतील, बिचाऱ्या उंदरांना कशाला छळायचं? प्रश्न रास्तच आहे. पण दर टप्प्याला एक प्राणी मारून मेंदू कापण्यापेक्षा एकाच प्राण्याला पुन्हा पुन्हा बघता आलं, तर कमी प्राणी लागतात. शिवाय आपल्याला उंदीर लागणारच नाही. अगरच्या जेलीत काळा दोरा पुरायचा, पल्स्ड लेझर डायोड आणि एनडीटीचा प्रोब लावायचा. (गॉगल मात्र कंपलसरी!) इलेक्ट्रॉनिक्सवाले अँप्लिफायर करतील, कॉम्प्युटरवाले इमेज काढतील. तीन ब्रँचचा एक प्रोजेक्ट!

त्याऐवजी आपण काय करतो? फायनल इयरला दुकानातून रेडीमेड प्रोजेक्ट आणतो, रिपोर्टवर नाव बदलतो, व्हायवात घाम पुसतो. हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर हे सगळ्यांना माहीत आहे, सरांनाही.

या पिंपरीत गाड्यांच्या आधी पेनिसिलीन आलं. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स 1954 सालची. म्हणजे औषध आणि मशीन यांचं नातं इथे जुनंच आहे. सरांना विनंती एवढीच, की असा प्रोजेक्ट फसला तरी मार्क द्या आणि दुकानातला चालला तरी कापा. मग बघा, मुलं लॅबमध्ये रात्री दहापर्यंत थांबतात की नाही!