मंडईचा पाहुणा आणि मानाची हौस

माणूस चांगलं वागतो तेही मोठेपणा मिरवायलाच, असं एका ओळीत पटवून देणारी वचनं ऐकायला झकास लागतात. ला रोशफुको या फ्रेंच सरदाराने १६६५ साली अशा वचनांचं पुस्तकच काढलं. सद्गुणांमागे बहुधा अहंकारच दडलेला असतो, हा त्याचा सिद्धांत आजही टाळ्या घेतो. आपल्या म्हणीही त्याच कामाला जुंपल्या जातात. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यात भाऊबीजेनंतर गावोगाव मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागल्या की 'ऋण काढून सण' हा शेरा ठरलेला.

हा शेरा अन्यायाचा आहे. दिवाळीच्या सुमारास हलका धान नुकताच निघालेला असतो, भारी धान बांधीतच उभा असतो. विकलेल्या धानाच्या चुकाऱ्यांची बरेचदा वाट पाहावी लागते. नेमकं तेव्हाच लेक-जावई, सोयरे, सोयऱ्यांसोबत आलेला एखादा अनोळखी, सगळे घरी उतरतात. किराणा उधारीवर येतो, चुलीवरची कढई उतरत नाही, पाहुणे जेवूनखाऊन रात्री दंडारीचं लोकनाट्य नाहीतर नाटक बघायला जातात. पैसे अडकले म्हणून झालेली ही उधारी घरधन्याच्या मिजाशीच्या खात्यावर का मांडायची?

या पाहुणचारात मानाची हौस असतेच, ती मी नाकारत नाही. 'त्यांच्या घरून पाहुणा उपाशी गेला' हे ऐकण्यापेक्षा घरची बाई स्वतः अर्धपोटी राहील. पण त्या हौसेने पाहुण्याचं ताट भरलं, हे खोटं कसं ठरतं? रोशफुको राजसत्तेविरुद्धच्या फ्राँद बंडात हरलेला माणूस. त्याने पाहिलेला मान राजाच्या मर्जीचा होता, दरबारी एकमेकांना मागे सारून तो मिळवत. मंडईच्या गावात मान शेजारी देतात, आणि त्यांना तुमची बांधी, तुमचं कर्ज, तुमच्या आईचं दुखणं सगळं ठाऊक असतं. तिथे नुसत्या देखाव्याने भागत नाही, रोवणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या अडीनडीला धावावं लागतं. त्या दरबारातला अनुभव या माणसांवर लादू नये.

म्हणी टाकून द्या, असं माझं म्हणणं नाही. लग्नात डीजे वाजावा म्हणून जमीन गहाण पडत असेल, तर 'ऋण काढून सण' ठणकावून म्हणावंच. पण ते घरातल्या जाणत्याने, लग्नाच्या बैठकीत, खर्च ठरायच्या आत म्हणावं, आणि आधी आपला मानपान सोडून म्हणावं. जेवून उठल्यावर यजमानाच्या माघारी ती म्हण ऐकवणाऱ्याचं मी ऐकून घेणार नाही.